सईच्या गाडीची लेव्हल

१४ फेब्रुवारी २०२१, रविवार. फेल्डहोवन, नेदरलँड्स

सई ट्रक घेऊन आली. म्हणजे चालवत तिचा मित्र योस्त होता, ही शेजारी बसली होती, पण उतरल्या उतरल्या इंग्रजीत "बाबा, आमचा ट्रक" म्हणाली. बर्फ अजून वितळलेलं नाही, गल्लीत सायकली कडेला पडल्यात आणि मध्ये हे काळं धूड. अमेरिकन पिकअप, हेवी-ड्यूटी. बॉनेट माझ्या छातीपर्यंत. चढायला वेगळी पायरी. समोरच्या बाईच्या खिडकीला एरवी पडदासुद्धा नसतो, आज ती काच पुसायच्या निमित्ताने उभी राहिली आणि बराच वेळ तीच काच पुसत राहिली.

कुणी एक जण मैफिलींना, महोत्सवांना स्टेज पुरवायचा. कोविडमुळे वर्षभर महोत्सव नाहीत, त्याने धंदा आवरला, ट्रक योस्तला दिला. योस्तकडे ट्रकचं लायसन आहे, काकाच्या शेतावर कामाला लागतं म्हणून काढलेलं. आता बेत असा: हा ट्रक, त्याच्या मागे चाकांवरचं घर, आणि पोर्तुगाल. तिथे योस्तच्या मित्राची जमीन आहे. भाजी लावणार.

सईचं मास्ट्रिख्टच्या युनिव्हर्सिटीतलं शेवटचं वर्ष सोडून. जानेवारीत नाव काढून घेतलं, आम्हाला नंतर सांगितलं. लॅपटॉपसमोर बसून डिग्री घ्यायची नाही म्हणे. मी गेलं वर्षभर बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर बसून नोकरी करतोय, ते कुणी विचारत नाही.

सईची आई, अनघा, बाहेर आली, ट्रककडे बघून म्हणाली, "रंग छान आहे." रंग!

२१ फेब्रुवारी, रविवार

योस्तच्या काकाचं शेत बेल्जियमच्या सीमेला लागून आहे. काकाचं नाव कीस. गोठा, शेणाचा वास, चिखल. चाकांवरचं घर गोठ्यामागे उभं. साध्या कॅरव्हॅनसारखं ते मागच्या हुकला लागत नाही, त्याचं लांब नाक पिकअपच्या हौद्यात येऊन टेकतं. सईने आतून फिरवून दाखवलं. इथे झोपणार, इथे स्वयंपाक, ही खिडकी उघडली की पाय बाहेर सोडून बसता येतं. इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

मग योस्तने दोन्ही जोडून दाखवलं. जोडल्याबरोबर मला दिसलं. असली दणकट गाडी मागून मुद्दाम उंच ठेवलेली असते, ओझं पडलं की बसावी म्हणून. हे घर जुनं, ठेंगणं, रिकामं. हौदा उंच राहतो, त्यामुळे घराचं नाक वर आणि बूड खाली. वजन सगळं घराच्या मागच्या चाकांकडे. ऐंशीच्या वेगाला बाजूने वारा लागला की बूड डुलायला लागणार, आणि एकदा डुलायला लागलं की चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. पलटी.

कीसकडे लेव्हल बघायची पाणसळ मागितली. बुडबुडा पार टोकाला जाऊन बसला. योस्त म्हणाला, थोडंसंच आहे, नाही का? थोडंसं. आमच्या कंपनीत, चिप बनवायच्या मशीनवर, याच्या कितीतरी हजाराव्या भागावरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

मी पाणसळ कीसला परत केली. सई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला लहानपणापासून माहीत आहे, मी गप्प झालो की काहीतरी चुकलंय.

२८ फेब्रुवारी

अनघाला समजावून सांगितलं. घर वर उचललं तर उंची चार मीटरच्या पुढे जाते, तेवढ्याला रस्त्यावर परवानगी नाही. हौद्यातली जोडणी आधीच सगळ्यात खालच्या भोकात आहे. म्हणजे राहता राहिलं एकच, पिकअपच खाली आणायची. मागच्या ॲक्सलवर, स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली, कंपनीनेच एक लोखंडी ठोकळा बसवलेला असतो. तो काढायचा, बोल्ट आखूड घालायचे, शॉक ॲब्सॉर्बर बदलायचे. मग सरकारी तपासणी करून ते कागदावर चढवायचं. तरच रस्त्यावर काढता येते.

अ. सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे तू नाही केलंस तर जाणार नाहीत ती.

जातील, म्हटलं. अशीच वाकडी जातील.



जेवताना सईचा मेसेज, इंग्रजीत. बाबा, करशील का? बऱ्याच दिवसांनी तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं आणि मागितलं ते हे. "हो" लिहिलं. चिडून लिहिलं, पण मेसेजात ते कुठे दिसतं.

१४ मार्च

गणित चाललंय. सावकाश.

अ. पुण्याला फोनवर: "सई पोर्तुगालला चाललीय, एका प्रोजेक्टसाठी. शेतीचंच काहीतरी, पर्यावरण वगैरे. युनिव्हर्सिटीचंच म्हणायचं." मी आतून ऐकत होतो. फोन ठेवल्यावर म्हटलं, खोटं कशाला? तर म्हणाली, "तुझ्याच बहिणीचा फोन होता. लाव परत आणि सांग खरं काय ते."

नाही लावला.

सई चौथीत होती तेव्हा परत जायचं ठरत आलं होतं. पुण्यात नोकरी हातात होती. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिला आता मराठी वाचता येत नाही, तिकडे तिचे हाल होतील. म्हणून राहिलो. पुढे इथला पासपोर्ट घेतला, भारताचा परत केला. त्या दिवशी हेगच्या भारतीय वकिलातीतून येताना गाडीत मी आणि अ. एक शब्द बोललो नव्हतो. आता सई म्हणते, या देशात जीव गुदमरतो, सगळं आखलेलं, सगळं चौकोनी. चौकोनी आहे म्हणून तर आलो होतो बाई.

२७ मार्च, शनिवार

भांडण. कोविडच्या नियमाने घरात एका वेळी एकच पाहुणा चालतो म्हणून बागेत, दोन-दोन खुर्च्या लांब टाकून. गारठ्यात, कोट घालून. शेजारी सगळं ऐकू जात असणार, निदान माझं मराठी कळत नसणार एवढंच सुख.

सई म्हणाली, तू मुद्दाम उशीर करतोयस. योस्तच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, या गणिताला शनिवार-रविवार पुरतो. मी म्हटलं, त्याच्याकडूनच करून घ्या मग. ती योस्तकडे वळून डचमध्ये म्हणाली, हा असाच, कधी सांगत नाही, समोरच्याने ओळखत बसायचं. मला डच येतं हे ती रागात विसरते. की विसरत नाही.

खोटं नाही बोलली. बोल्टची ऑर्डर मी टाकलीच नव्हती. मार्चभर 'पार्ट मिळत नाहीत, साथीमुळे सगळं अडकलंय' असं सांगत होतो. सध्या कुठल्याही गोष्टीला हे कारण चालतं.

संध्याकाळी ऑर्डर टाकली. आता बघाच म्हणावं किती झटपट करतो ते.

अ. भांडी आवरता आवरता म्हणाली, "एकदा तिला सरळ सांग ना, जाऊ नकोस म्हणून."

मी का सांगायचं? तिला दिसत नाही? मी सांगितलं म्हणून थांबली तर उद्या म्हणेल, बाबाने अडकवलं. थांबायचं तर तिने आपणहून थांबलं पाहिजे. अ. म्हणाली, हा तुमच्या घराण्याचा रोगच आहे. तिच्या घराण्याचं मी काही काढलं नाही.

१३ एप्रिल, पाडवा

वरच्या खिडकीत गुढी. कडुलिंबाऐवजी बागेतलीच कसलीशी पानं. श्रीखंड घरचं, जेवण पुन्हा बागेत. योस्तला ते फार आवडलं, ब्रेडला लावून खाल्लं. अ. कौतुकाने बघत होती. पुरी समोर असताना ब्रेड. मी पुरी त्याच्याकडे सरकवली, त्याने थँक यू म्हणून तिलाही श्रीखंड लावलं आणि वर ब्रेड ठेवला.

पुण्याची बातमी वाईट. अ.चा मामेभाऊ, तिच्याच वयाचा, हॉस्पिटलला बेड मिळेना. रोज कुणाचं तरी. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं, एकाखाली एक. जेवण झाल्यावर अ. सईचा हात धरून बसली होती. सईला कळत नव्हतं किती वेळ बसायचं, तरी बसली.

बोल्ट आले. शॉक आले.

२४ एप्रिल, शनिवार

ठोकळा काढला.

कीसच्या शेडमध्ये, दिवसभर. मी आणि योस्त. गाडी स्टँडवर घेतली, चाकं काढली, जुने बोल्ट गंजून धरून बसलेले. एक कापावा लागला. योस्तचा हात चांगला आहे, हे लिहायला हवं. सांगितलं तेवढंच करतो, बडबड नाही, हत्यार पुसून ठेवतो. मला तो बावळट निघायला हवा होता. निघाला नाही.

मागे पट्ट्यांखालून ठोकळा सरकवून बाहेर काढला आणि ॲक्सल हळूहळू पट्ट्यांना भिडवला. कोन बिघडू नये म्हणून पाचर घातली. बोल्ट क्रमाने आवळले, उलटसुलट कर्णाने, माप लावून. एवढा वेळ मी सई, पोर्तुगाल, सगळं विसरलो होतो. बरं वाटलं. मग त्याचाच राग आला.

चहाला बसलो तेव्हा योस्तने विचारलं, सरळ, डोळ्यांत बघून. "मिलिंद, तू माझ्यावर रागावलायस का?" माझ्या जावयाच्या वयाचा, जावई नसलेला मुलगा, मिलिंद म्हणतो.

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, बरं झालं, मला वाटत होतं. आणि मजेत बिस्कीट खायला लागला. संपलं! इथल्या माणसांना नाही म्हटलं की नाहीच वाटतं. आपल्याकडे 'नाही' म्हटल्यावर समोरचा निदान दोनदा तरी विचारतो. माझा बाप तर तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही.

२ मे, रविवार

जोडणी. घराचं नाक हौद्यात टेकलं, मी लांब जाऊन गवतात उकिडवा बसून पाहिलं. एका रेषेत. पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यात, हलायला तयार नाही. पाण्याची टाकी, गॅस, गाद्या, योस्तची हत्यारं, सोलरच्या बॅटऱ्या, सगळ्यांची वजनं सईने लिहून दिली होती, त्यांच्या जागी तेवढीच सिमेंटची पोती आणि दगड टाकून पाहिलं. गाडी बसायची तेवढीच बसली.

वळणावर चालवून पाहिली. झाडांच्या मधल्या रस्त्याला, मोकळ्या शेतात वाऱ्याला. डुलत नाही.

सईने आधी योस्तला मिठी मारली, मग मला. कोविड सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, इट्स परफेक्ट, बाबा. मी म्हटलं, ठीक आहे.

छान काम केलंय मी. कुणाला सांगू?

२१ मे

तपासणीत पास. तपासणाऱ्याने खाली वाकून बघितलं, माझं कागदावरचं गणित बघितलं, काही विचारलं नाही. मी घरून उत्तरं पाठ करून गेलो होतो. मनात कुठेतरी होतं की हा नापास करेल. तो करेल, मी नाही. तसंही झालं नाही.

निघायचं ठरलं, १३ जून.

६ जून, रविवार

अ.ने सामान काढायला सुरुवात केलीय. आधी मला वाटलं थोडं लोणचं, मसाले. मग माळ्यावरून खोकी खाली आली. तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यांचा अख्खा सेट. पितळेची समई. बिडाचे तवे दोन, आप्पेपात्र, खलबत्ता, पुरणयंत्र, सोऱ्या. शिवणाचं मशीन, जुनं, लोखंडी पायाचं. आणि घरघंटी. पुण्याहून जहाजाने आणलेली, दोन माणसांनी उचलावी लागते. तांदूळ, डाळी, ज्वारी गोणीने. पोर्तुगालमध्ये ज्वारीचं पीठ कुठे मिळणार? मी म्हटलं, इथे आल्यापासून सईने किती भाकऱ्या खाल्ल्या? म्हणाली, लागते कधीतरी, एकटं असलं की लागते.

हे रुखवत आहे. लग्न नाही, मुंडावळ्या नाहीत, विहीण नाही, रुखवत मात्र मांडलंय बैठकीच्या खोलीत. डब्यांवर नावं घातलीयत, मराठीत. सईला वाचता येत नाहीत.

 मामेभावाला जाऊन महिना झाला, तिला पुण्याला जाता आलं नाही. भरू दे.

एक लिहून ठेवतो. ही बाई आजवर पुण्याला जाताना येताना प्रत्येक बॅग बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवत आली. तेवीसच्या वर अर्धा किलो झालं तर लाडवाचा डबा बाहेर. विमानतळावर मान खाली घालावी लागू नये म्हणून मी स्वतः तिला शिकवलेलं. या वेळी तिने काटा कपाटातून काढलासुद्धा नाही. म्हणाली, पहिल्यांदा कुणी मोजणारं नाहीये.

(१२ जूनच्या रात्री जोडलेलं:) मोजणारा घरातच होता. माझ्या डोक्यातच आलं नाही. सामान दिसत होतं, रोज ओलांडून जात होतो, आणि तरी ते गाडीत चढणार हे गणितात आलंच नाही.

१२ जून, शनिवार

चढलं.

दुपारी गाडी घरासमोर, पूर्ण गल्ली अडवून. योस्त आणि अ. यांनी भरलं. मी कंपनीच्या कॉलवर होतो, शनिवारीसुद्धा, मशीन बंद पडलंय तैवानात. घराच्या मागच्या कप्प्यांत योस्तची हत्यारं आणि बॅटऱ्या, तिथे जागा नाही. म्हणून अ.चं सगळं नाकाखालच्या मोठ्या कप्प्यात गेलं. घरघंटी, मशीन, गोण्या, डबे. म्हणजे सरळ पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर.

खाली आलो आणि दारातच थांबलो. पिकअप मागून बसली होती. पुढून वर. पट्ट्यांवरचे रबरी बफर टेकायला आलेले. पुढच्या चाकांवर वजन नाही म्हणजे स्टिअरिंग हातात हलकं, ब्रेकला पुढची चाकं धरणार नाहीत, दिवे झाडांच्या शेंड्यांवर. ठोकळा होता तेव्हा ही गाडी एवढं वजन हसत उचलून गेली असती. तो मीच काढला.

सईला बोलावून दाखवलं. दोनच मार्ग आहेत, म्हटलं. एक म्हणजे हे सामान उतरवायचं. नाहीतर ठोकळा परत घालायचा, पुन्हा तपासणीची तारीख घ्यायची. तीन आठवडे, कदाचित जास्त.

अ. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीन आठवडे ऐकल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

सई गाडीकडे बघत राहिली. योस्त काही बोलणार होता, तिने हाताने थांबवलं. मग मला विचारलं, "व्हॉट वुड यू डू, बाबा?"

मी म्हटलं, "तुमचा निर्णय आहे."

तिने मान हलवली. जरा वेळ तशीच उभी राहिली, बुटाच्या टोकाने चाक ठोकत. मग कप्पा उघडला आणि पहिली गोणी स्वतः बाहेर काढली. योस्त मदतीला आला. घरघंटी दोघांनी मिळून उतरवली. डबे, तवे, मशीन, सगळं आमच्या पुढच्या फरशीवर, सायकलींच्या शेजारी. समोरची बाई आज काच पुसायच्या फंदातसुद्धा पडली नाही, उघड बघत होती. अ. आत गेली. सईने एक लोणच्याची बरणी आणि मसाल्याचा डबा परत आत ठेवला, योस्तला म्हणाली, एवढं चालेल. मग माझ्याकडे बघून, चालेल ना?

चालेल, म्हटलं. पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यात.

१३ जून, रविवार

गेली.

टेस्ट दोघांचीही निगेटिव्ह. सकाळी चहा. अ.ने औक्षण केलं, योस्तलाही. सामानाबद्दल एक अक्षर नाही. सईने वाकून नमस्कार केला, तो तिला कधी कुणी शिकवला आठवत नाही. मी टायरची हवा पाहिली, जोडणीची पिन पाहिली, दोनदा. सई म्हणाली, बाबा, पुरे.

कोपऱ्यावरून वळताना पाहिलं. एका रेषेत, कुठेही वर-खाली नाही. सायकलवाले थांबले होते.

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडलो. परत येऊन घरघंटी गॅरेजमध्ये ओढत नेली, पाठ धरली.

१५ जून

अ. बोलत नाही. म्हणजे जेवायला वाढते, 'ऑफिसचं पार्सल आलंय' सांगते, तेवढंच. डबे अजून बैठकीच्या खोलीत, ती आवरत नाही आणि मला हात लावू देत नाही.

आज मीच विषय काढला. म्हटलं, वजनाचं गणित होतं, माझ्या हातात काय होतं? तू स्वतः बघितलंस बफर टेकले होते.

ती म्हणाली, "तीन आठवडे म्हणालास ना तू? स्वतःच्या तोंडाने म्हणालास. मग पुढे एक शब्द बोलता आला नाही?"

काय शब्द?

"झाली ना गाडी सरळ. जा, काम कर तुझं."

तिचा राग सामानाचा आहे असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. गेलो वर. कॉल होता. तैवानवाले म्हणाले मशीन चालू झालं, अभिनंदन केलं सगळ्यांनी एकमेकांचं.

१७ जून, गुरुवार

दुपारी सईचा फोन. फ्रान्समध्ये कुठेतरी, पेट्रोल पंपावर. मागे ट्रकांचे आवाज. योस्त डिझेल भरून पैसे द्यायला गेला होता. म्हणाली, गाडी फार छान चाललीय, वारा होता काल, जराही हलली नाही. योस्तने थँक यू सांगितलंय. मी टायर विचारले, पिन विचारली, पाऊस आहे का विचारलं. आई कशी आहे? म्हटलं, बरी आहे, जरा आडवी झालीय. अ. बागेत होती, दोरीवरचे कपडे काढत होती, काचेतून मला बघत होती.

 मी ठेवू का म्हणणार, तेवढ्यात ती मराठीत बोलली. एरवी ती माझ्याशी मराठीत बोलत नाही, फक्त ऐकते.

"बाबा, त्या दिवशी मला वाटलं तू थांब म्हणणार."

मी विचारलं, कुठल्या दिवशी? कळलं होतं, तरी विचारलं.

तिने सांगितलं नाही. बाकी इंग्रजीत म्हणाली, काही नाही, असंच, योस्त आला, निघायचंय. आवाजावरून काही समजलं नाही. थांब म्हटलं नाही म्हणून बरं वाटलं तिला, की उलट? मी 'हॅलो' म्हटलं तोवर कट.

अ. कपड्यांची बादली घेऊन आत आली. काय म्हणाली?

म्हटलं, रस्ते चांगले आहेत म्हणाली.

अ. बादली घेऊन वर गेली. मी तिथेच खुर्चीवर बसलोय, हे लिहितोय. फोन शेजारी. परत लावला तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरत नाहीये.